चौथा बार

केतकी वानखडे माझ्या दुकानात आली, त्या दिवशी दुकान उघडं कशासाठी ठेवलंय हे माझं मलाच सांगता आलं नसतं. मुणगोळ बंदरातली शेवटची डिझेलची बोट मोडीत जाऊन तीन वर्षं झाली होती. आता सगळ्या बोटी बॅटरीवर. आणि मी, विश्राम मेस्त्री, डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलचा कारागीर, वय वर्षं त्रेसष्ट, रोज सकाळी आठला शटर वर करायचो, देवाला उदबत्ती ओवाळायचो आणि बाकावर बसून झांजांना चिंच लावून घासायचो. संध्याकाळी बायकोचं कीर्तन असलं की मागे झांज धरायला मी. तेवढंच काय ते काम उरलेलं.

"काय मेस्त्री, आज किती गिऱ्हाईका इली?" बाबल तांडेलानं विचारलं. बाबल माझा बालमित्र. स्वतःची बोट आहे, पण किनाऱ्यावर असला की माझ्या बाकावर.

"तुला धरून एक."

"माका धरू नको. मी तुज्या पंख्याखाली बसाक इलंय."

तेवढ्यात ही मुलगी आत आली. तिशीची असेल. हातात लोखंडी पेटी, घामानं चिंब. "विश्राम मेस्त्री तुम्हीच ना काका? पुण्याहून आली मी. तशी अकोल्याची आहे, पण नोकरी पुण्यात." तिनं पेटी उघडून बोटाएवढा एक दट्ट्या आणि त्याची पोलादी नळी माझ्यासमोर ठेवली. "या दोघांत दोन मायक्रॉनची फट पाहिजे. जास्त नको, कमीही नको. जमते का?"

माणसाचा केस असतो सत्तर मायक्रॉन जाड. दोन म्हणजे केसाचा पस्तिसावा हिस्सा. डिझेलच्या पंपात एवढीच फट असते आणि ती साधायची म्हणजे दट्ट्या नळीत घालून बारीक पेस्टनं तासन् तास घोटायचा. एकदा जोडी जमली की ती जन्माची. या नळीचा दट्ट्या त्या नळीत चालत नाही.

मी तिचा दट्ट्या आत सारला, तोंडावर बोट दाबलं, ओढला आणि सोडला. तो सुस्तपणे परत गेला.

"गळतंय."

"असं कसं? लॅबमध्ये पास झालं हे!"

"लॅबला बोट नसतं, बाई."

बाबल फिसकन हसला. केतकी हसली नाही. तिनं वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. मला ती तिथंच आवडली.

"कशात बसवायचं आहे हे?"

"बंदुकीत."

मी हात मागे घेतला. "मग राहू दे. माळ आहे माझ्या गळ्यात."

"माणसं मारायची नाहीत हो काका. ओढायची आहेत."

कीर्तनात बुवा आधी सिद्धांत सांगतात आणि मग गोष्ट. केतकीनं उलटं केलं. आधी गोष्ट सांगितली आणि ती आम्हाला पाठच होती. गेली सहा वर्षं वैशाखात दोन-दोन, तीन-तीन वादळं येतात. बोट घराच्या दारात येऊन खडकावर फुटते. किनारा दोनशे-तीनशे मीटरवर, माणसं डोळ्यांदेखत, पण मध्ये दर्या असा खवळलेला की बचावाची बोट जवळ जात नाही, हेलिकॉप्टर थांबत नाही. तिथं एकच गोष्ट कामाची. दोरी. ती तिथवर पोचवायची कशी, एवढाच प्रश्न.

"दोरी फेकणाऱ्या बंदुका आधीही होत्या," केतकी म्हणाली. "पण त्यात दारूचं काडतूस. बोट शंभर मीटरवर असो की चारशे, धक्का एकच. शिवाय दमट हवेत दारू मरते. आम्ही पूड काढून टाकली, द्रव घातला." तिनं एक कुपी दाखवली. पाण्यासारखं स्वच्छ. "याला काडी लावली तरी पेटत नाही. दाब आणि उष्णता दोन्ही एकदम मिळाली तरच उसळतो. म्हणून बंदरावरच्या शेडमध्ये बिनधास्त ठेवता येतो. आणि द्रव मोजता येतो, काका! हे कडं फिरवायचं. जवळ असेल तर थोडा, लांब असेल तर जास्त."

"मग अडलंय कुठं?"

"पेटवण्यात. जो इतका शहाणा आहे की काडीनं पेटत नाही, तो पेटवायचा कसा? विजेची ठिणगी दिली. पण खाऱ्या हवेनं तारा खाल्ल्या. एका पावसाळ्यात दहातल्या सात बंदुका मुक्या. म्हणून वीज नको, बॅटरी नको. सगळं हातानं. दांडा ओढून स्प्रिंग ताणायची. चाप दाबला की हवेच्या नळीतला दट्ट्या सुटतो आणि हवा एका झटक्यात विसाव्या हिश्शात दाबली जाते. सायकलचा पंप मारताना नळी तापते ना, तसंच, पण इथं हवा सहाशे-सातशे अंशांवर जाते. त्याच क्षणी दुसरा दट्ट्या द्रव धुक्यासारखा आत फवारतो आणि..."

मी मांडीवर थाप मारली. "अगं, हे तर डिझेल इंजिन! एकाच ठोक्याचं डिझेल इंजिन!"

"तेच तर," केतकी म्हणाली. "आणि त्या जोड्या घोटणारे कारखाने बंद पडले. सगळ्या किनाऱ्यावर हातानं घोटणारा एक माणूस उरलाय, असं कळलं."

बाबल उठून उभा राहिला. "मेस्त्री, पंखो बंद कर. कामाक लाग."

*

तीन महिन्यांत चाळीस बंदुका. सकाळी बसलो की दुपारचं जेवण विसरायचो. हातात घोटाईची लय आली की आपोआप नामस्मरण चालू व्हायचं, आणि नाम चालू झालं की हात आणखी नेमका पडायचा. सरकारी खात्यानं मला 'प्रमाणित जुळणीकार' असा माझ्या नावाचा शिक्का दिला. प्रत्येक बंदुकीबरोबर एक कार्ड, कार्डावर अकरा रकाने. जुळणी झाली की अकरा खुणा करायच्या आणि खाली शिक्का. बंदरावर लोक पुन्हा मला 'मेस्त्रीनू' म्हणून हाक मारू लागले. खोटं कशाला बोलू, तो शिक्का मी रात्री देवाजवळ ठेवायचो.

एप्रिलात वाळूवर चाचणी झाली. तिघा साहेबांची समिती. प्रत्येक बंदुकीबरोबर दोरीच्या तीन पेट्या द्यायच्या ठरल्या होत्या, म्हणून प्रत्येकीचे तीन बार. चाळीस त्रिक एकशे वीस. सकाळपासून दुपारपर्यंत ठो, ठो, ठो. दोरी आकाशात सळसळत जायची आणि लांब पाण्यात पडायची. बगळे पळाले, कुत्री पळाली, साहेबांच्या टोप्या उडाल्या. एकशे वीसपैकी एकशे वीस! केतकी बुटांसकट पाण्यात धावली.

"चाळीस नवऱ्यांचां एकाच मांडवात लगीन लागला," बाबल म्हणाला.

त्याच आठवड्यात रामनवमीचा उत्सव होता. वृषालीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, कीर्तन इतकं रंगलं की आरतीनंतरही लोक उठेनात. मागे उभा राहून झांज वाजवताना मला वाटलं, देवानं म्हातारपणी पदरात किती घातलं! चाचणीनंतर मी धुऊन पुन्हा जोडलेल्या बंदुका चाळीस बंदरांकडे निघाल्या होत्या. केतकी आणखी आठशेंच्या मंजुरीच्या तयारीला लागली होती.

मे महिन्यात आमच्या बंदराच्या पोरांनी सराव काढला, तिन्ही पेट्या उडवल्या. साहेबांच्या डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. तीन पेट्या संपल्या की बंदुकीचं काम संपलं, असं त्यांनी धरलेलं. पण दर्यावर गळाची शेकडो हात दोरी टोपलीत गुंता न होता मांडणाऱ्या लोकांना फेकलेली दोरी ओढून परत पेटीत मांडायला किती वेळ लागतो? बाबलनं दहा मिनिटांत पेटी भरली.

"आता चौथो बार!" तो म्हणाला आणि चाप दाबला.

टक.

एवढंच. पुन्हा दांडा ओढला. टक.

"मेस्त्री," बाबल माझ्याकडे बघून म्हणाला, "तुजी नवरी रुसली."

*

बंदूक दुकानात आणून उघडली. जोडी चकचकीत, एक ओरखडा नाही. नेहमीसारखी धुतली, जोडली, खाडीच्या वाळूवर नेली. एक, दोन, तीन बार झकास. चौथा? टक.

नोझलची परीक्षा आम्ही कानानं करतो. हातपंपावर लावून दाब द्यायचा. चांगलं नोझल 'चर्र' करून बोलतं, वाईट नुसतं थुंकतं. मी पुन्हा जोडणी केली आणि या खेपेस डोळे मिटून ऐकलं. पहिला बार भरदार. दुसराही. तिसरा मात्र किंचित उशिरा. तबल्याची सम पडून गेल्यावर नवख्या झांजकऱ्याची झांज पडावी, तसा.

म्हणजे दर बाराला आतलं काहीतरी संपत होतं.

पुन्हा जोडली. पहिल्या बारानंतर हवेची नळी उघडली आणि आत बोट फिरवलं. बोट ओशट झालं. पुन्हा जोडून या खेपेस चारदा चाप ओढला. चौथा अर्थातच मुका. बोट फिरवलं. नळी कोरडी ठक्क, घासून पुसलेल्या ताटासारखी.



वयाच्या अठराव्या वर्षी मी रत्नागिरीत अब्बासमियाँच्या हाताखाली हे काम शिकलो. त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, 'कोरडा दट्ट्या नळीत घालशील तर बोटं तोडीन.' पंचेचाळीस वर्षांत मी एकही दट्ट्या कोरडा घातला नाही. आधी डिझेलात बुडवायचो. डिझेल मिळेनासं झालं तसं उंडीचं तेल वापरू लागलो. आमच्याकडे देवळातल्या समयांना घालतात ते, बियांचं घट्टसर हिरवट तेल. गाळून, ऊन करून, दट्ट्या बुडवायचा आणि सारायचा. विचार करून नव्हे. हात आपोआप जायचा.

आणि केतकीच्या कार्डावरचा सातवा रकाना म्हणत होता : 'हवेची नळी व दट्ट्या पुसून, कोरडे जोडले.' त्यावर मी चाळीस वेळा खूण केली होती. खाली माझा शिक्का.

सगळं उलगडलं. हवा तापत होती खरी, पण तिचा ताप पापणी लवायच्या आत विरायचा. तेवढ्यात तो हट्टी द्रव पेट घ्यायचा नाही. आधी पेटायचा तो माझ्या तेलाचा थर, आणि त्याच्या ज्योतीनं द्रव. तेल तीन बारांपुरतं. चाचणीही तीन बारांची. यंत्र पास झालंच नव्हतं. पास झाली होती माझी चूक, आणि ती आता चाळीस बंदरांत जाऊन बसली होती. चौथ्या बाराची गरज पडेल त्या दिवशी तिथली माणसं चाप ओढणार आणि 'टक' ऐकणार.

मी बाबलला सांगितलं. तो मासेमारीला निघायच्या तयारीत होता.

"गप ऱ्हव," तो म्हणाला. "आपल्या बंदुकीत तेल घाल नि गप ऱ्हव. शिक्को जाईत तुजो."

"आणि बाकीच्या एकोणचाळीस?"

तो बोटीवर चढला. दोर सोडला आणि गेला.

घरी वृषाली ओटीवर वाती वळत बसली होती. तिचं लक्ष वातींचं व्रत चालू होतं. एक लाख वाती, सगळ्या सारख्या. मी सगळं सांगितलं. ती वळत राहिली.

"केतकीला फोन लावलात?"

"सोमवारी तिची मुंबईत बैठक आहे. आठशेंची मंजुरी..."

"मी बैठकीचं नाही विचारलं हो."

फोन लावला.

केतकीनं सगळं ऐकून घेतलं. 

"काका, तुम्ही कोरडं म्हणून लिहिलंय. चाळीस वेळा."

"हो."

"मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. एकही नळी उघडून बघितली नाही."

"हो, बाळा."

 आणि मग तिचा आवाज एकदम बदलला. "थांबा, थांबा. तेल कुठलं म्हणालात? म्हणजे ते तेल असलं की इथल्या दमट हवेतसुद्धा शंभर टक्के पेटते? काका, आम्ही दोन वर्षं डोकं फोडून राहिलो या पेटवणीवर! मी निघाली. पहाटेपर्यंत पोचते."

*

ती आली तेव्हा आणखी एक बातमी बरोबर घेऊन आली. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. दोन दिवसांत वादळ.

आम्ही खाडीवर बसलो. आधी पूर्ण कोरडी जोडणी, अगदी कार्डात लिहिल्याप्रमाणे. एकही बार उडाला नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत पेटणारी नळी इथल्या दमट वाऱ्यात पहिल्याच बाराला मुकी. मग बारापूर्वी तेलाचा एक थेंब. ठो! केतकीनं टाळी वाजवली. दुसऱ्यांदा माझा हात हलला आणि दोन थेंब पडले. आवाज झाला तो बाराचा नव्हे, घणाचा. नळी मध्येच फुगली. केतकीनं बंदूक माझ्या हातातून काढून घेतली.

"थेंब नको," ती म्हणाली. "वादळात, थंडीनं कापणाऱ्या हातानं कुणी एकच थेंब घालणार नाही. कुणाचा तरी हात उडेल."

दुकानातली राखीव जोडी बसवून दोन तास आम्ही नाना प्रकार केले. काडी बुडवून पाहिली, कापूस, सुतळी, कोंबडीचं पीस. कधी तेल कमी, कधी जास्त. दुपारी वृषाली जेवायचा डबा घेऊन आली. आमचे काळे हात आणि पडलेली तोंडं बघून म्हणाली, "एवढंसंच तेल पाहिजे ना? मग वात बुडवा आणि पिळा. पिळलेल्या वातीत किती तेल राहतं ते मला विचारा. अकरा वर्षं समया लावतेय."

"काकू, प्रत्येक वातीत वेगळं राहील," केतकी म्हणाली.

"माझ्या वातीत?"

केतकीनं तिचा नाजूक काटा काढला. दहा वाती तेलात बुडवल्या, पिळल्या, एकेक करून तोलल्या. आकडा जवळजवळ हललाच नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आणखी दहा तोलल्या.

"काकू," ती हळूच म्हणाली, "हे आमच्या मशीनला जमत नाही."

पिळलेली वात सळईला लावायची, नळीत एकदा फिरवायची, फेकून द्यायची आणि बार काढायचा. त्या दुपारी आम्ही ओळीनं तीस बार काढले. तीसच्या तीस. प्रत्येक आवाज पहिल्यासारखा भरदार, समेवर. तिसाव्या बाराला केतकीनं वृषालीला मिठी मारली आणि तिच्या नऊवारीवर काळे पंजे उमटवले.

पण बाकीच्या एकोणचाळीस बंदरांना कळवायचं कसं? केतकीनं खात्यात फोन केला. पत्र निघायला तीन सह्या लागणार आणि एक साहेब रजेवर. वादळ उद्या दुपारी.

"पत्र येईल तेव्हा येईल," वृषाली म्हणाली. "प्रत्येक बंदरात भजनाचा बुवा आहे की नाही? आणि यांनी एकूणएक बुवाच्या मागे झांज वाजवलीय."

मी फोनवर बसलो. वृषालीनं तोवर त्याची चालच बांधली. 'एक वात, एकच फेर, मग एक बार.' झांजेवर धरली की चुकायची सोयच नाही. दोन थेंबांनी नळी कशी फुगली तेही तिनं कीर्तनकाराच्या ठसक्यात सांगितलं, आणि ते सगळं बुवांना पाठवून दिलं. तासाभरात उलट आवाज येऊ लागले. कुणी पखवाजावर म्हणून पाठवलं, कुणी नुसत्या टाळ्यांवर. एका बुवानं तर वर आलाप घेतला. बायकांनी देवघरातल्या वाती काढल्या, वृषालीच्या मापानं पिळल्या. संध्याकाळच्या आत सदतीस बंदरांतून 'चौथा बार उडाला' असा निरोप आला. उरलेल्या दोन ठिकाणी केतकी स्वतः गाडी घेऊन गेली.

एक माणूस मात्र या सगळ्यात नव्हता. बाबल दर्यावर होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्याची बोट दिसली. बॅटरीत पाणी शिरलेलं, मोटार बंद, आणि लाटा तिला सरळ कासवखडकाकडे ढकलत होत्या. आमच्या डोळ्यांदेखत ती खडकावर बसली. मागची बाजू मोडली. केबिनच्या टपावर पाच माणसं एकमेकांना धरून उभी. किनाऱ्यापासून दोनशे ऐंशी मीटर.

सगळं बंदर वाळूवर आलं होतं. कडं पूर्ण फिरवलं. वात फिरवली. पहिला बार. वाऱ्यानं दोरी पतंगासारखी डावीकडे नेली. दुसरा बार टपावरच पडला, पण ओल्या पत्र्यावरून दोरी घसरली. पाचही जणांचे हात हवेत. तिसरा बार नेमका गेला! बाबलनं दोरी धरली, आम्ही ओरडलो, आणि खडकाच्या धारेवर ती कापली गेली. तिचं तुटकं शेपूट आमच्याकडे परत आलं.

तीन बार संपले.

बायका पहिली दोरी ओढून पेटीत मांडत होत्या, वेड्यासारख्या भराभर, तरी एकही वळसा न चुकवता. वृषालीनं पिळलेली वात माझ्या हातात दिली. माझा हात थरथरत होता. थेंब असता तर पाच पडले असते. वात फिरवली, फेकली, दांडा ओढला. वाळूवर एवढी माणसं, पण मला फक्त वारा ऐकू येत होता.

रामराया, म्हटलं, आणि चाप दाबला.

ठो!

अख्खा किनारा ओरडला. दोरी दहा हात अलीकडे पडली, तरी लोक ओरडतच होते. कारण बंदूक बोलली होती. आता आमच्याकडे बारच बार होते. वाऱ्याचा अंदाज आला होता. पाचव्या बाराला मी खडकाच्या बरंच उजवीकडे नेम धरला. वाऱ्यानं दोरी आणून अलगद टपावर ठेवली, आरतीचं तबक ठेवावं तशी.

त्या बारीक दोरीला बांधून जाड दोर गेला. एकेक माणूस लाटांतून येऊ लागला. साठ-सत्तर हात दोराला लागलेले, त्यात केतकीचेही. शेवटी तांडेल. बाबल वाळूवर आडवा पडला, अर्धा दर्या ओकला आणि डोळे उघडून मला म्हणाला,

"पाच बार लागले तुका? मेल्या, झांज वाजव. नेम तुजो काम नाय."

*

त्या दिवशी किनाऱ्यावर अकरा बंदुका चालल्या. त्यातल्या चार ठिकाणी दोरी पोचली ती चौथ्या बारानंतर.

दोन दिवसांनी केतकी दुकानात आली. सोमवारची बैठक शुक्रवारवर गेली होती. बाबल हाताला पट्टी बांधून पंख्याखाली होता. तिनं पिशवीतून खात्यात जमा असलेली चाळीस कार्डं काढून माझ्यापुढे ठेवली.

"काका, मी अजून वर काही कळवलं नाही. वातीची पद्धत सुधारणा म्हणून मांडता येते. तुमचं नाव कुठंच येत नाही."

"फाडून टाक ती कार्डा," बाबल म्हणाला. "वादळात गेली म्हणान सांग."

मी एक कार्ड उचललं. "केतकी, समितीकडे काय पुरावा आहे? कोरड्या जोडणीचे एकशे वीसपैकी एकशे वीस बार. मग ते म्हणतील, कोरडी एवढी छान चालते, तर सरकारी बंदुकीत देवळातली वात कशाला? आठशे बंदुकांमधून पहिलं काय काढून टाकतील?"

"वात," ती म्हणाली. तिला हे आधीच कळलेलं होतं. माझ्याकडून यायची वाट बघत होती.

"माझा शिक्का जाईल."

"जाईल."

"आणि तुझं?"

"न तपासता पास केलं म्हणून चौकशी होईल. बढती गेली समजा. नोकरी नाही जाणार. बहुतेक."

"बहुतेक?"

"लिहा तुम्ही, काका."

बाबलनं स्वतःहून पंखा बंद केला, कार्डं उडू नयेत म्हणून. मी एकेक कार्ड घेतलं, सातव्या रकान्यातली खूण खोडली आणि लिहिलं, 'ओले जोडले. उंडीचे तेल. माझ्या हाताने.' चाळीस वेळा. मग कोऱ्या कागदावर सगळी हकीकत लिहिली, अब्बासमियाँच्या दटावणीपासून. शेवटी एक ओळ जोडली : 'यापुढे चाचणीत पहिले तीन बार धरू नयेत. चौथ्यापासून मोजावे.'

केतकीनं कागद वाचला, दोनदा वाचला, आणि हात पुढे केला.

"थांब," मी म्हटलं. शिक्का उचलला, शाईत नीट दाबला आणि माझ्या सहीखाली उमटवला. चाळीस कार्डांवर बसलेला तो शिक्का पहिल्यांदाच खऱ्या मजकुराखाली बसला. शाई वाळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो फडक्यानं पुसून कागदाबरोबर पाकिटात घातला आणि पाकीट तिच्या हातात दिलं.